पास्कलच्या गाडीचा पुढचा एक्सल

दादा,

एक्सल कोणत्या गाडीचा, ते कळलं. तुला सांगायचं राहिलं म्हणून लिहितेय.

तुमच्या गाळेवाल्यांच्या असोसिएशनने स्मरणिकेसाठी तुझ्यावर चार शब्द मागितलेत. मी दोनदा बसले. 'मनमिळाऊ' लिहिलं आणि खोडलं, कारण तू मनमिळाऊ नव्हतास. 'हसतमुख' तर पेनातून उतरेचना. शेवटी ठरवलं, तुला जे सांगायचंय तेच लिहावं. छापायचं तर त्यांनी हेच छापावं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि वहिनीने गाळ्याच्या चाव्या माझ्यापुढे ठेवल्या.

"वन्सं, त्या पालीच्या पास्कलचे रोज फोन येतायत. मला त्यातलं काही कळत नाही. काय ते तुम्हीच बघा."

वहिनी तीस वर्षांत गाळ्यात जेमतेम चारदा आली असेल, तीही दसऱ्याच्या पूजेला. मी रविवारी सिल्व्हर पार्कहून रिक्षा केली, नेहमीसारखी, आणि भाईंदर पूर्वेला तुझ्या गॅरेजच्या गाळ्याचं शटर वर केलं. शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या पातेल्यांना पॉलिश चालू होतं. आत पास्कलची गाडी ठोकळ्यांवर उभी, पुढची चाकं काढलेली. एक्सल समोर दोन लोखंडी घोड्यांवर आडवा, त्यावर तुझं हात पुसायचं फडकं. मी फडकं उचललं, घडी केली आणि परत तिथेच ठेवलं. मग उचलून धुवायच्या कपड्यांत टाकलं. उगाच देवासारखं मांडून ठेवण्यात अर्थ नव्हता.

हे वाचणाऱ्या सगळ्यांनी ती गाडी पाहिलेली नाही, म्हणून सांगते. तू हा भाग सोडलास तरी चालेल. पास्कलच्या वडिलांना कुणा साहेबाची जुनी अमेरिकन गाडी मिळाली होती. त्यांनी तिचं छप्पर कापलं, मडगार्ड काढून टाकले, नाक खाली बसवलं आणि आत तिला न शोभणारं, ट्रकचं मोठं इंजिन घातलं. मग ती उत्तनच्या वाळूवर पळवायचे. परदेशात अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात, असं पास्कलच्या दुबईतल्या पुतण्याने कळवलं. उत्तनशेजारच्या त्यांच्या पालीत तिला टकली म्हणतात. पास्कलची आत्या, बायको, दोन्ही मुली, त्या घरातली प्रत्येक नवरी टकलीत बसून चर्चला गेली. आता नात जेनिफरची पाळी होती. पण टकलीची पुढची चाकं डुगडुगायला लागली होती. वीसच्या वर वेग गेला की स्टिअरिंग हातात थरथरायचं.

तू गाडी पाहिलीस आणि तीन दिवस दुसरं कुठलंच काम घेतलं नाहीस. मला फोन करून म्हणालास, "शकू, रविवारी ये. आणि तुझं ते हत्यार आण."

ते हत्यार म्हणजे जाडी मोजायचा माझा व्हर्नियर. मी सव्वीस वर्षं वसईच्या कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. लोकांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि चुकलेल्या बाजूला काढायच्या, हे माझं काम. तू कधी आकडा लिहून ठेवला नाहीस. तुझं सगळं बोटांत आणि 'सुता'त. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मी कंपनीतल्या पोरींना सांगते तेव्हा त्या हसतात.

गाडीचं पुढचं प्रत्येक चाक एक्सलच्या टोकातल्या एका जाड खिळीवर वळतं. ती किंगपिन. दोन्ही झिजल्या होत्या. नव्या मागवायच्या तर एक्सल कोणत्या सालच्या गाडीचा ते कळायला हवं होतं. दोन साली अगदी सारखे दिसणारे एक्सल निघाले होते. फरक एवढाच, की खिळी जिथून जाते तिथे आधीचा सुतभर पातळ आणि नंतरचा सुतभर जाड. त्यावर खिळीची लांबी ठरते.

तू तुझ्या स्टुलावर, डाव्या टोकाला. तुझी हत्यारं तिकडच्या भिंतीवर. मी उजव्या टोकाला, खिडकीपाशी, कारण व्हर्नियर वाचायला मला उजेड लागतो.

"आधीचा आहे," तू म्हणालास.

"नंतरचा. मी मोजलाय."

"तुमची कंपनी मिलिमीटरवाली. ही गाडी इंचाची आहे, बाई."

"इंचातच मोजलाय."

"मग मोजणारीचा हात हलला असेल."

"माझा हात हलला तर कंपनी बंद पडेल."

"पडू दे. कधीपासून पाडायची आहे तुला."

पहिला रविवार असा गेला, चहा दोनदा झाला. दुसऱ्या रविवारी तू तुझा जुना कॅलिपर काढलास. तू तुझं टोक मोजलंस, मी माझं, आणि दोघं आपापल्या मापावर ठाम. तिसऱ्या रविवारी पास्कलचा तिसरा फोन आला, लग्नाला अडीच महिने उरलेले, आणि मी चिडले.

"तुला आता दिसत नाही, दादा. कबूल कर आणि चष्मा तरी बदल. उगाच अंदाजाने बोलतोस."

तू भुशात हात चोळलेस, साबणाने धुतलेस आणि शेजारच्या बफिंगवाल्याला हाक मारून एकच चहा सांगितलास. एकच. मी पर्स उचलली आणि निघाले. पुढच्या रविवारी जायचंच नाही, असं रिक्षात बसतानाच ठरवलं होतं. तुला धडा शिकवायचा होता. त्याआधीच्या गुरुवारी तू गेलास. धडा कुणाला मिळाला त्यावर मी फार विचार करत नाही. सकाळी भांडी घासताना येतो तेवढाच.

तर तुझ्यानंतर गाळ्यातला माझा तो पहिला रविवार. खिडकीखाली कुणीतरी खोके रचून ठेवले होते, म्हणून मी तुझ्या स्टुलावर बसले. समोर डावं टोक होतं. आधी व्हर्नियरचा शून्य तपासला, मग माप घेतलं. पातळ. परत शून्य तपासला. परत पातळ. खोके सरकवून उजव्या टोकाला गेले. जाड. अशा पाच-सहा फेऱ्या मारल्या. आकडे बदलले नाहीत.

डावं टोक आधीच्या गाडीचं होतं, उजवं नंतरच्या. तू बरोबर होतास आणि मीही.

दादा, नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवते, दोन्ही टोकं मोजा. आणि तीन रविवार आपल्यापैकी एकजणही पाच फूट चालून पलीकडे गेला नाही. कारण मला ठाऊक आहे. अप्पांनी रत्नागिरीच्या घरी कामं वाटून दिली होती. ज्याच्याकडे जे टोक, ते त्याचं. कुंपण बांधताना तू एका टोकाला, मी दुसऱ्या. दुसऱ्याच्या टोकाला जाऊन गाठ ओढून बघितली तर अप्पा म्हणायचे, "विश्वास नाय काय?" आपण पन्नाशी ओलांडली तरी एकमेकांची गाठ ओढून बघितली नाही. आपल्या घराची ही रीत मला आजवर चांगली वाटत होती.

मी एकटीच हसत सुटले. बफिंगवाला दारात येऊन उभा राहिला.

"दीदी, सब ठीक?"

"हां. ठीक है."

मग हसू थांबलं. एका एक्सलची दोन टोकं दोन गाड्यांची असतील, तर तो मध्ये कुठेतरी जोडलेला असणार. पुढचा एक्सल हा घडीव लोखंडाचा एकसंध तुकडा असतो. मोडला तर चाक निखळतं. जोडलेला एक्सल पुढे लावायचा नाही, हे तूच मला शिकवलंस, मी फ्रॉकमध्ये असताना.

मी तुझीच पद्धत वापरली. मधला रंग खरवडला, भाग रॉकेलने भिजवला, कोरडा पुसला, वर खडूची पूड लावली आणि हातोडीने बारीक ठोके देत बसले. तडीत शिरलेलं रॉकेल ठोक्यांनी बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. दहा मिनिटांत उमटली. मधोमध, खालच्या अंगाला, केसाएवढी. जोड ज्याने केला त्याने फार सफाईने केला होता, घासून, रंगवून. तू वाजवून पाहिलंस तेव्हा नादही स्वच्छ आला होता. मलाही दिसला नव्हता, आणि माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत.

मंगळवारी सुट्टी घेऊन पास्कलला बोलावलं. सत्तरीचा माणूस, उत्तनच्या बसने आला. सोबत तुझ्या फोटोला घालायला हार. हार मी बाजूला ठेवला आणि त्याला रेघ दाखवली.

त्याने वाकून पाहिलं. "खडूचा डाग हाय."

"डाग नाही. तडा आहे."

"तुजा भाव बोललेला, एक्सल अक्खा हाय. मना हात मारून बोललेला. खिली बदल, बुश बदल, बाकी फस्क्लास."

"बोलला होता. चुकला."

"मानूस गेला न तू त्याचा सबूद मोडतेस?"

"हो."

तो सरळ म्हणाला, "माज्या पोरींची लगना ह्याच एक्सलवर झाली. काय झाला न्हाय. तुना जमत न्हाय तर मी दुसऱ्याकडं नेतो. लय गॅरेज हायत."

आणि तो नेणार होता. रंगाचा एक हात मारला असता तर कुठल्याही गॅरेजवाल्याने तो बसवून दिला असता, वर म्हणाला असता, भाऊंनी पास केलेला माल आहे. तुझं नाव तेवढं आहे या भागात. त्या नावावर जेनिफर पालीच्या उतारावरून खाली आली असती.

आमच्याकडे बाद झालेल्या मालाला लाल रंग लावतात. पण लाल रंग पुसता येतो, म्हणून वर ग्राइंडरने एक खाच मारतात, की परत कुणी तो चांगल्यात मिसळू नये. मी तुझा ग्राइंडर लावला. पास्कल "ए, ए" करत पुढे आला. मी ग्राइंडरचा चष्मा चढवला आणि रेघेवरच पातं ठेवलं. लोखंड सोपं जात नाही. अर्ध्यापर्यंत कापलं आणि थांबले.

आत बघायला त्याला बोलावलं. बाहेरून दोन सुतं जोड चकचकीत होता. त्याच्या आत काळं, गंजलेलं, कधीच न जुळलेलं.

पास्कल तुझ्या स्टुलावर बसला. "बापानं केला असल," म्हणाला. "बापाला लय घाई असायची." हार परत उचलून त्याने स्वतःच तुझ्या हत्यारांच्या फळीला अडकवला आणि गेला.

संध्याकाळी वहिनीकडे गेले, चाव्या द्यायला. पास्कलने तिला फोन करून सगळं सांगितलं होतंच. तिने चहा टाकला आणि ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "तुम्ही त्यांना दिसत नाही म्हणालात ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच. डाव्या डोळ्याने त्यांना आठ महिने काही दिसत नव्हतं. उजव्यानेही धूसर. शकूला सांगू नको म्हणाले, ती मोजत बसेल."

मी चहा प्यायले. साखर जास्त होती, ते सांगितलं नाही.

म्हणजे तू कॅलिपर डोळ्यांनी वाचतच नव्हतास. बोटांनी लावत होतास, बोटांनी पट्टीवरची खूण चाचपत होतास. आणि तुझं माप माझ्या व्हर्नियरशी तंतोतंत जुळलं, मी स्वतः नंतर तपासलं. मी बोलले ते खरं होतं आणि जे मोजून बोलायला हवं होतं ते मोजलं नव्हतं. एवढंच. माफी वगैरे मी मागत नाही, तूही कधी मागितली नाहीस. पण ते वाक्य मी बोलायला नको होतं, हे इथे लिहून ठेवते.

आठ दिवसांनी पास्कलचा फोन आला. 'हॅलो' नाही, काही नाही. "तारोडीला माज्या सालीकडं होडी वडाची गाडी हाय. तिच्या खाली असलाच एक्सल हाय. बापानंच दिलेला. बघतेस काय?"

तारोडीला गेले. होडी वाळूवर ओढून आणायचा लाकडी गाडा, खाली दोन जुनी चाकं आणि मधे तोच आकार. खाऱ्या वाऱ्याने लोखंड फोडासारखं उठलेलं. पास्कलची मेहुणी, सेलेस्टिनबाई, कमरेवर हात ठेवून उभी.

"बाईमानूस हाय न मेकॅनिक?"

"मी मेकॅनिक नाही. मी फक्त बघते."

"बगून काय होतंय? उचल न ने. आमाला बदली दुसरा गाडा पायजे बस."

मी आधी डावं टोक मोजलं, मग उजवं. दोन्ही जाड. नंतरचा. या वेळी मीच जिंकले, आणि समोर तोंड वाकडं करायला कुणी नव्हतं.

वहिनीकडून चाव्या परत घेतल्या. गंज काढायला दोन रविवार गेले. रॉकेल, खडू, हातोडी. रेघ नाही. दोन खिळींच्या भोकांतून दोरी ताणून वाक पाहिला, वाक नाही. मग पास्कलच्या पुतण्याने धाडलेल्या नव्या खिळी आणि त्यांच्याभोवती बसणारे पितळी बुश आले, आणि इथे मी अडले. बुश बसवल्यावर रीमर फिरवून ते आतून तासायचे असतात, दोन्ही एका रेषेत, म्हणजे खिळी नीट बसते. हे काम तू करायचास. मी फक्त नंतर मोजून 'ठीक' म्हणायचे. इतकी वर्षं मी 'ठीक' म्हणत आले आणि एकदाही रीमर हातात धरला नव्हता.

पहिली जोडी मी नासवली. मापात होती, अगदी मापात, पण खिळी एका जागी अडायची आणि पुढे सैल व्हायची. दुसरी जोडी मागवावी लागली. तेव्हा आठवलं, तू काय म्हणायचास. खिळी अंगठ्याने आत जायला हवी, पण सोडली तर पडता कामा नये. आणि रीमरला ढकलायचं नाही, फिरवत राहायचं, तो आपला जातो. मी तेव्हा म्हणायचे, 'अंगठ्याने' हे काय माप झालं? या वेळी व्हर्नियर पेटीत ठेवला आणि डोळे मिटून फिरवत गेले. थोडं फिरव, काढ, पूस, खिळी घालून बघ. पूर्ण दिवस गेला. संध्याकाळी खिळी अंगठ्याने आत गेली. हात सोडला. पडली नाही. मग मोजलं. मोजायची गरज नव्हती, पण सवय.

गाडी उभी राहिली तेव्हा नाक आधीपेक्षा दोन बोटं वर आलं होतं, कारण जुना एक्सल मुद्दाम वाकवून खाली घेतलेला होता. पास्कल कुरकुरला. "टकली आता मान ताठ करून चालतेय." पण स्टिअरिंग धरलं आणि गप्प झाला. चाळीसलाही थरथर नाही.

लग्नाला गेले. मला पहिल्या रांगेत बसायला सांगितलं होतं, पण मी चर्चच्या बाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पालीच्या त्या अरुंद गल्लीतून टकली उतारावर आली, पांढऱ्या फुलांनी सजवलेली, पास्कलचा मुलगा चालवत होता. मागच्या सीटवर जेनिफर. सगळे नवरीकडे बघत होते. मी पुढच्या चाकांकडे. वळणावर दोन्ही सारखी वळली. दारात ब्रेक लागला, गाडी थांबली, ती उतरली, बँड सुरू झाला.

पास्कल सुटात घामाघूम होऊन आला. "बगलास? फस्क्लास." सेलेस्टिनबाई म्हणाली, "बगून पन काम होतंय म्हंजे." पुतण्या दुबईहून आलेला, त्याने इंग्रजीत कौतुक केलं, माझ्यासोबत फोटो काढला. जेवताना चार अनोळखी माणसं येऊन म्हणाली, मॅडम, कमाल केलीत.

मी वाट बघत होते. थांबताना टकलीचं नाक किंचित डावीकडे वळलं होतं. फार नाही, बोटभर. डावा ब्रेक उजव्याच्या आधी धरत होता. एवढ्या माणसांत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणी म्हणालं नाही, "शकू, काय गं हे? आंधळ्यालाही कळेल." मी प्लेट हातात धरून तासभर उभी होते, आणि त्या तासात माझ्या ध्यानात आलं, की जगातल्या लोकांच्या चुका मी काढते. माझ्या काढणारा एकच माणूस होता.

मंगळवारी अर्धा दिवस सुट्टी टाकली, पान्यांची पिशवी घेतली आणि पालीला गेले. पास्कल झोपला होता, त्याला उठवलं नाही. अंगणातच डावं चाक काढलं, ब्रेक थोडा सैल केला, चाक बसवलं. गल्लीच्या टोकापर्यंत एकटीच चालवत नेली आणि ब्रेक मारला. परत नेली, परत मारला. सात-आठ वेळा.

आता सरळ थांबते, दादा. म्हणजे, मला तरी तसं वाटतं.